बेट म्हणजे काय? उदाहरणासह लिहा

सोमवारी बेटांचा धडा घ्यायचा होता.
आदल्या शनिवारीच फळ्यावर लिहून ठेवलेलं,
चारी बाजूंनी
पाण्याने वेढलेल्या भूभागास बेट म्हणतात.
रविवारी रात्री कृष्णा आली, तिच्या पाठोपाठ पंचगंगा,
दोघी बहिणी न विचारता चौथीच्या वर्गात शिरल्या
आणि पहिल्या बाकापासून बसत गेल्या.

आता शाळेच्या माडीवर आम्ही दोनशे चौदा माणसं,
मागच्या टेकावर एकोणचाळीस म्हशी.
तालुक्यातून फोन येतो, मॅडम, माहिती पाठवा.
लिहून घ्या, साहेब.

उत्तरेला ऊस. दिसत नाही, पण आहे.
दक्षिणेलाही ऊसच, असं म्हणतात.
पूर्वेला देवळाचा कळस, त्यावर एक बगळा,
पश्चिमेला कोल्हापूर,
एस.टी.नं दीड तास,
आज सातासमुद्रापलीकडं.
सर्वांत उंच शिखर म्हणजे पाण्याची टाकी.
साऱ्या मुलखात तेवढी एकच कोरडी.

सरपंच दवाखान्यासाठी इचलकरंजीला गेले ते तिकडंच अडकले.
मग राज्य आलं हुसेनबी नदाफकडं,
कारण काड्यापेटी तिच्याकडंच सुकी होती,
प्लास्टिकच्या पिशवीत, पिशवी कनवटीला.
दिवसाला तीन काड्या, चूल एकच,
आणि जुनी भांडणं जिन्याखाली पाण्यात सोडून यायची,
एवढंच तिचं संविधान.
बांधावरून अकरा वर्षं कोर्टात असलेले
पारिसा मगदूम आणि धोंडिराम चौगले
एकाच ताडपत्रीखाली झोपले,
एकाचे पाय दुसऱ्याच्या डोक्याशी.

उत्पन्नाचं साधन काय, विचारता?
संघाचा टँकर येत नाही, साहेब,
म्हणून आम्ही आमचंच दूध प्यायलो.
निम्मी पोरं बिनदुधाच्या चहावर वाढलेली,
घरात दोन-दोन म्हशी असून.
पहिल्या दिवशी त्यांची पोटं बिघडली.
तिसऱ्या दिवशी मोठ्या पातेल्यात बासुंदी आटली,
साखर थोडी, पण वास पार टाकीपर्यंत.
ट्रॅक्टरच्या बॅटरीवर शौकत मोबाइल चार्ज करून देतो,
दर एका फोनला एक गोष्ट, खरी असली तर दोन फोन.

प्रेक्षणीय स्थळं पुष्कळ.
बाभळीवर वेटोळी घालून बसलेले साप,
एका फांदीवर पाच, कुणी कुणाला चावत नाही.
घाटाच्या वरच्या पायरीवर ऊन खात पडलेली मगर.
रात्री बुडालेल्या उसावर चांदणं इतकं सपाट पसरतं
की चालत कर्नाटकात जावंसं वाटतं.
पर्यटक म्हणून एक ड्रोन आला,
दोन घिरट्या घातल्या, न उतरता गेला.

बाळाबाईचं तांबडं वासरू
गळ्यातल्या दाव्यासकट वाहत गेलं गुरुवारी.
पोरं कठड्याला होती. कुणी बोट दाखवलं नाही.
हे तुमच्या कुठल्या रकान्यात बसतं, मला माहीत नाही.

आठव्या दिवशी आम्ही पुन्हा मुख्य भूमीला जोडलो गेलो.
टँकर आला, पंचनाम्याचे कागद आले,
हुसेनबीनं उरलेल्या काड्या मोजून ठेवून दिल्या.
मगदूम आणि चौगले गुडघाभर चिखलात
हद्दीचा दगड शोधत फिरताना दिसले,
दगड नाही, बांध नाही,
संध्याकाळपर्यंत दोघांना
आपण कुणाच्या रानात उभे आहोत ते कळलं नाही,
आणि कोर्टाची तारीख मंगळवारची.

वर्ग धुऊन घेतला. भिंतीला पाण्याची रेघ
बरोबर फळ्यावरून गेलीय, दोन ओळींच्या मधून.
खालचं सगळं पुसलं. वर उरलंय,
चारी बाजूंनी

मी तेवढंच वाचते, मुलं पुढचं पूर्ण करतात.
चारी बाजूंनी चिखल, बाई.
चारी बाजूंनी बासुंदीचा वास.
बाळाबाईची नात उभी राहते,
तोंड उघडते,
आणि खिडकीकडं बघत
तशीच उभी राहते.