मापाची वही

मत्रहच्या बाजारात, अत्तराच्या दुकानामागं
एकतीस वर्षं मी लोकांच्या अंगाला टेप लावतो.
टेपवरचे आकडे आताशा पुसट दिसतात.
टेप जुना झाला की डोळे,
ते अजून ठरलेलं नाही.

वहीत सगळे आहेत.
नाव, तारीख, छाती, कंबर, बाही.
माणूस खोटं सांगेल, कंबर सांगत नाही.
श्वास आत ओढून उभे राहतात गडी,
मी थांबतो.
कधीतरी सोडावाच लागतो.

शिपिंग कंपनीतले हिशेबनीस बिवलकर:
चौतीस, छत्तीस, अडतीस, चाळीस.
दर बोनसला एक पँट, दर पँटीला दोन इंच.
मग एका वर्षी अडतीस. पुढल्या खेपेस पस्तीस.
"वा, बारीक झालात!" म्हटलं मी.
ते खूष. हातातली पाण्याची बाटली काही सुटत नव्हती.
मला वाटलं, सेहेचाळीस डिग्री उन्हाळा,
तहान कुणाला नाही इथं?
दोन चमचे साखरेचा चहा मागवला त्यांच्यासाठी,
तीन पँटी आत घेतल्या, पैसे घेतले नाहीत.

गुहागरला गेले ते परतले नाहीत.
वर्षानं भाच्याच्या हाती त्याच तीन पँटी आल्या,
सोबत चिठ्ठी, हिशेबनिसाचं सुबक अक्षर:
"याकूबभाई, डावा पाय गुडघ्यापाशी दुमडून शिवावा.
उजवा आहे तसाच."

शिवला.

सगळं वहीत होतं हो, माझ्याच हातचं.
मी वाचलं ते कापडापुरतं.

गेल्या रमजानाआधी दुकानातला पोऱ्या म्हणाला,
चाचा, पायाखाली रक्त.
टाचणी होती. अर्धी आत.
सकाळपासून असेल,
मी तसाच पायडल मारत होतो.

शुक्रवारी रुवीला, फुकट तपासणीच्या रांगेत
उपाशीपोटी बसलो, पुढं सतरा म्हातारे,
सगळ्यांचं म्हणणं एकच: मला काही नाही,
मुलानं पाठवलं.
लिझी सिस्टरनं कंबरेला टेप लावला, तिरका.
म्हटलं, मागून सरळ घ्या, इंच चुकेल.
हसली. एक्केचाळीस.
चौसष्ट वर्षांत माझं माप कुणी घेतलं नव्हतं,
मीही नाही.
लुंगीला माप लागत नाही.

मग म्हणाली, डोळे मिटा,
आणि नायलॉनचा एक दोरा टेकवत गेली तळव्यांना,
"कळलं की हो म्हणा."
जन्म गेला माझा दोऱ्यात.
दहा जागी टेकवला म्हणे.
मी सहाच वेळा हो म्हटलं.
डोळे उघडले तर ती माझ्याकडं बघत नव्हती,
कागदावर चार फुल्या मारत होती.

आता सकाळची गोळी आहे, बिनसाखरेचा चहा आहे,
पांढरे मोजे आहेत. पांढरेच,
रक्त आलं तर दिसावं म्हणून.
रात्री आरसा जमिनीवर ठेवून तळवे बघतो.
बायको दापोलीहून व्हिडिओवर विचारते,
"काय मिळाला काय?"
"आज काय नाय."
मग ती झोपते.

काल खल्फान आला, ईदेचा डिशडाशा शिवायला.
सत्तरीचा गडी, गळ्याचा गोंडा अत्तरात बुडवलेला.
त्या ढगळ कपड्यात माणूस केवढाही मावतो
आणि केवढाही आटतो, कळत नाही.
टेप कंबरेला नेला तर खेकसला,
"तिथं कशाला? तिथलं माप लागतं कधी?"
वही मागं उलटली.
खांदे तेच. छाती तीन इंच कमी.
कोपऱ्यातल्या माठातलं पाणी
तो आल्यापासून चौथ्यांदा पीत होता.

"रात्री कितीदा उठतोस?"
"शिंपी आहेस की हकीम?"

मी काही बोललो नाही.
रिळाचा नायलॉनचा दोरा तोडला,
गुडघे वाजवत त्याच्यासमोर खाली बसलो.
म्हटलं, वहाण काढ.
डोळे मिट.