फेडर

माझा आवाज मागांनी घडवला.
तांडापेठेत आमच्या घरी चार पॉवरलूम, शेजारी सहा,
मधल्या भिंतीला कान नव्हते, नुसती धडधड.
"मीठ दे" म्हणायचं तरी छातीतून म्हणावं लागे.
गल्लीतून जाणाऱ्या परक्या माणसाला वाटायचं,
हेडाऊंच्या घरी आज काहीतरी पेटलंय.

आकाशवाणीत आवाज तपासायला बोलावलं तेव्हा
काचेपलीकडून बोधनकर मॅडम म्हणाल्या,
"माइक बहिरा नाही, बाळ."
मी हसले.
बहिरे आमचे बाबा होते, तीस वर्षं मागाशेजारी उभे राहून.

दोनदा नापास झाले.
दुसऱ्यांदा तर 'चाचणी' हाच शब्द
मला चाचणीत म्हणता आला नाही.
आमच्या गल्लीत पानी होतं, लोनी होतं,
ण नावाचं अक्षर फक्त शाळेच्या फळ्यावर भेटायचं.
मग एक अख्खा उन्हाळा मी ण तोंडात घेऊन फिरले,
जिभेचं टोक टाळूला लावून,
कांड्या भरताना, कूलरच्या टाकीत बादल्या ओतताना,
गोळीबार चौकात तर्री-पोह्याच्या गाडीपाशी:
दाणे, वेणी, गोणी, कणीस.
आई शेजारणीला विचारे,
"पोरीले काय झालं व? काऊन पुटपुटते अशी?"

तिसऱ्यांदा पत्र आलं. हंगामी निवेदक.
महिन्याला सहा पाळ्या, पैसे चेकने, तेही मागाहून.
काका म्हणाले, "मंग बाकीचे चोवीस दिवस
बोलाची मनाई हाय का?"

पहिली पाळी पहाटेची. मे महिना.
साडेचारला लुना काढली. कडबी चौक, मग सदर.
कालचं ऊन अजून डांबरातून वर येत होतं.
सिव्हिल लाइन्सच्या झाडांखाली शिरले
आणि आवाज संपला.
इतकी शांतता कधी माझ्या वाट्याला आली नव्हती.
खरं सांगते, मला तिची भीती वाटली.

स्टुडिओत तर ती खिळे ठोकून भिंतीला बसवलेली:
भोकाभोकांच्या फळ्या, जाड गालिचा, एकामागे एक दोन दारं.
स्वतःचं गिळणं ऐकू येत होतं.
लाल दिवा लागला.
मी बोलले.
नमस्कार. केंद्राचं नाव. तारीख. पहिल्या कार्यक्रमाची ओळख.
प्रत्येक ण आपल्या जागेवर,
आवाज ओंजळीतल्या पाण्यासारखा, एक थेंब सांडला नाही.
असं मी त्याआधी बोलले नव्हते. नंतरही फारसं नाही.

काचेपलीकडे गजभिये साहेबांनी कप खाली ठेवला
आणि माझ्या बोटांकडे बोट दाखवलं.
फेडर खालीच होता.

सतरा सेकंद.
वहीत तसं लिहिलंय, लाल शाईने, खाली माझीच सही.
सतरा सेकंद आम्ही वर्ध्याला, भंडाऱ्याला,
काटोलच्या संत्र्याच्या बागांना
काहीही सांगितलं नाही.
मग फेडर वर ढकलला
आणि घाबरून छातीतून जे निघालं ते तांडापेठेचं होतं.
मीटरची सुई लाल टोकाला जाऊन आपटली.

घरी पोचले तेव्हा अकरा वाजले होते.
बाबांनी माग बंद ठेवले होते, चारही.
कामाच्या दिवशी बंद माग मी फक्त मयतीला पाहिलेले.
रेडिओ समोरच्या स्टुलावर,
त्यांचा तळहात अजून त्याच्या जाळीवर.
"आयकलं," ते ओरडले. ते नेहमी ओरडूनच बोलत.
"सुरुवात लय चांगली केली तू. कशी धीरानं.
मंग काऊन घाबरली?"

मी चप्पल काढत होते, ती काढतच राहिले.
शेजारचे सहा माग चालूच होते.
"आई, पाणी दे," मी मोठ्यानं म्हटलं.
त्या धडधडीत ण पोचला की न, कोण जाणे.
आईनं तांब्या पुढे केला.