लोकरीचा धागा

कोत्का बंदर, जानेवारी, उणे सहा.
वेयोनं पिकअप आणलीय समुद्रापलीकडून,
विजेवर चालणारी.
अंगावर एकही गोलाई नाही,
चौथीतल्या पोरानं पट्टी ठेवून काढलेलं चित्र
तसंच्या तसं पोलादात.

"गोळीलासुद्धा दाद देत नाही," तो म्हणाला.
इर्मेलीबाईंनी चष्मा पुसला.
"इथं गोळी घालायला कोण येणार?
इथं शाळेची पोरं येतात,
सकाळी आठच्या अंधारात,
टोपी डोळ्यांवर ओढून."

मापक खिशातच राहिला.
मांजराच्या पाठीवरून फिरवावा
तसा हात फिरवला पुढच्या कडेवरून, मोज्यासकट.
एक धागा अडकला.
बाई टेबलाकडे निघाल्या
तर मोजा मागे मागे उसवत गेला.

"रबराची पट्टी चिकटवतो की."
"चिकटव. मग दिवे बघू. मग वजन.
आणि उणे तीसला पट्टी सुटली, की कुणाला सांगायचं?"

नियमांच्या पुस्तकात त्याच्या गाडीचं नाव नव्हतं.
त्यानं दोनदा चाळलं.
तिथं होती एक मांडी, एक गुडघा,
आणि जमिनीपासून मोजून दिलेल्या उंचीवर
कुणाचं तरी कपाळ.

शेऱ्याच्या रकान्यात बाईंनी काही लिहिलं नाही.
धागा गुंडाळला, कागदाला टाचला.
मोज्याचे पैसे देऊ का, वेयोनं विचारलं.
त्याला खरंच वाईट वाटलं होतं.

बाहेर आवारात बर्फ पडत होता.
तासाभरात गाडीच्या सगळ्या कडा
गोल झाल्या.