रिकामी बादली

कुलाब्याच्या युनिटात आलो, त्या पहिल्याच सकाळी
वाघमोडेनं कानात सांगितलं,
हात रिकामा ठेवू नको.
रिकामा हात दिसला की काम चिकटतं,
गोचीड चिकटते तसं.

त्याच्या हातात बादली असायची.
पत्र्याची, बुडाला डांबराचं ठिगळ.
फालिन सुटलं की निघायचा
गॅरेजकडून लंगरकडे,
लंगरकडून क्वार्टर गार्डच्या मागनं टाकीकडे.
चाल अशी, की टाकीपाशी कुणी त्याची वाट बघतंय
आणि हा पोचला नाही तर फौज अडून राहील.
बादलीत काय, हे कोण विचारतो?
बादलीत कधीच काही नव्हतं.
(एकदा बोंबील होते. ते पुढं सांगतो.)

शिवणकर आणि उथप्पा, या दोघांत मिळून एक फळी.
बारा फुटी. एक टोक याच्या खांद्यावर, एक त्याच्या.
पावणेदोन वर्षं ती फळी मैदान ओलांडत होती.
वळताना उथप्पा "संभाल, संभाल" ओरडायचा
तेव्हा मेजरसाहेबसुद्धा बाजूला व्हायचे.

काळभोर ड्रायव्हर ट्रकखाली झोपायचा,
टाचा तेवढ्या बाहेर.
दर पाच मिनिटांनी पान्यानं चासीवर ठक्.
झोपेतच.
त्याची बायको म्हणायची, सुट्टीवर आला तरी
रात्रभर पलंगाच्या लोखंडावर बोटं वाजवतो.

एमआय रूमचा रस्ता सगळ्यांनाच ठाऊक होता.
कांदा काखेत धरून ताप आणणं वगैरे
रंगरुटांचे खेळ.
आम्ही पुढं गेलो होतो.

मी फीत घेतली.
पिवळी, पन्नास फुटी, आणि एक वही.
समुद्राकडची भिंत मोजायला लागलो.
मोजायची, लिहायचं, मान हलवायची,
पुन्हा मोजायची.
कोवळा कॅप्टन एकदा थांबला. क्या नाप रहे हो?
म्हटलं, ऊपर से आया है, साब.
त्यानं नकळत वर पाहिलं.
वर एक घार फिरत होती.
तो पुढं गेला.

सात महिने सुखाचे गेले.
मग इन्स्पेक्शनच्या आदल्या दिवशी
वही कुणाच्या तरी टेबलावर गेली.
इतकी नेटकी आकडेवारी
युनिटच्या इतिहासात कुणी बघितली नव्हती.
भिंत, असं ठरलं, मध्ये अकरा इंच खचली आहे.
(अकरा नव्हती. तो सात होता, माझं अक्षर.)
आता खरंच वरून आलं.
पाडा, बांधा. फटीग पार्टी:
वाघमोडे, शिवणकर, उथप्पा, काळभोर, मी.

सव्वीस दिवस.
फळीवर दगड चढले,
पाना कुदळीच्या दांड्यात पाचर म्हणून गेला,
बादलीत पहिल्यांदा गिलावा पडला
तेव्हा वाघमोडेनं
तिच्याकडं असं पाहिलं
जसं बाप बघतो सासरी निघालेल्या पोरीकडं.
माझ्याशी चार दिवस बोलला नाही.
सुभेदार इंगवले बदामाच्या सावलीत फाईल वाचत बसलेले.
फाईल उलटी होती.
आम्ही सगळ्यांनी ते पाहिलं
आणि सगळ्यांनी कडक सलाम ठोकला.
उस्ताद तो उस्तादच.

काम उरकलं त्या रात्री
वाघमोडे ससून डॉकवरनं बादली भरून बोंबील घेऊन आला.
घासलीच नव्हती नीट.
तळलेल्या बोंबलांत दाताखाली चुन्याची कचकच येत होती
आणि कुणी थांबत नव्हतं.

ती भिंत अजून आहे.
पेन्शनच्या कामाला गेलो की बसच्या खिडकीतून दिसते,
मध्ये थोडी खचलेली.
या वेळी अकरा इंच नक्की,
नजरेनं मोजतो मी.

वाघमोडे दहिवडीला.
शेत पोरगा बघतो, गुडघे गेलेत.
रविवारी फोन येतो. विचारतो, काय चाललंय?
म्हटलं, काही नाही. बसलोय.
हातात काय आहे?
फोन.
मग जरा वेळ नुसता श्वास ऐकू येतो त्याचा.
म्हणतो, बरं. खाली ठेवू नको.