दहा तेत्री

आमच्या लिफ्टला दहा तेत्री लागायचे.
वर जायला. उतरणं फुकट.
म्हणून दाराशी, किल्ल्यांच्या खिळ्याखाली,
कॉफीचा जुना डबा, सुट्ट्यांनी अर्धा भरलेला.
बाजारातून लादून आलेलं कुणी खालून ओरडायचं,
नानुली, टाक गं एक!
आणि मी नवव्या मजल्यावरून
रुमालाच्या टोकाला गाठ मारून नाणं सोडायची.
रुमाल परत यायचा कधी कोथिंबिरीच्या जुडीसकट,
कधी यायचाच नाही.
असे किती रुमाल ग्ल्दानीत फिरत असतील, देव जाणे.

तळमजल्यावर जुमबेरची भट्टी होती.
भट्टीत कमरेपर्यंत वाकून तो
तापल्या भिंतीला पाव चिकटवायचा,
पाय हवेत, जणू विहिरीत काही पडलंय.
वास जिन्यातून चढायचा, त्याला नाणं लागत नसे.
माघात त्यानं शटर ओढलं.
आता तिथे औषधांचं दुकान आहे, रस्त्यातलं तिसरं.
पाव आणायला दोन स्टॉप जावं लागतं
आणि घरी पोचेपर्यंत त्याचं टोक उरत नाही,
हे मात्र पूर्वीसारखंच.

लामाराची खातूना इटलीत, बारीला असते.
तिथल्या एका म्हातारीला भरवते, न्हाऊ घालते,
आणि इकडे आईच्या गुडघ्यांची चौकशी फोनवर करते.
तिचा दाची सात वर्षांचा.
पंधरा दिवसांनी पार्सलची गाडी येते,
पुलाखाली उभी राहते:
तेल, पास्ता, साबण, एकदा तर अख्खी शिलाई मशीन.
बूट मात्र दर वेळी अर्धा नंबर लहान.
मापात चूक नसते.
बूट वाटेत असतात तेवढ्यात पोरगा वाढतो.

मग जिन्यात कागद लागला,
एक तारखेपासून कार्ड.
डब्याला कुलूप होतं तिथे आता हिरवा दिवा,
कार्ड टेकवलं की चिमणीसारखा आवाज.
मला आवडलं, खोटं कशाला बोलू.
पण नाणं देऊन टाकता येतं.
कार्ड घरात एकच, ते परत यावं लागतं.
खालून हाक आली तर मी आता
ऐकू न आल्यासारखं करते,
आणि मग घाईघाईनं खिडकीशी जाते.
तोवर माणूस जिन्याला लागलेला असतो.

आठव्या मजल्यावरचा वाझा,
चाळीस वर्षं भूमिती शिकवलेला,
म्हणाला, मी काही सामान नाही स्कॅन करायला.
बटाट्यांची पिशवी घेऊन पायऱ्या चढतो,
मोठ्यानं मोजत. एकशे बारा.
पाचव्यावर मारेखीनं त्याच्यासाठी खुर्ची ठेवली.
आठवड्यात ती चोरीला गेली.
तिनं दुसरी ठेवली, पाय मोडकी,
ती कुणी नेत नाही.
वाझा तिच्यावर तिरका बसतो
आणि म्हणतो, हा कोन बरोबर नाही.

काल लामारा बाजारात, दाची माझ्याकडे.
खातूनाचा निरोप: पायाचं माप पाठव, थंडी जवळ आलीय.
फरशीवर वर्तमानपत्र पसरलं.
गॅलरीतला वारा ते उचलून उचलून धरत होता.
मी डबा उपडा केला.
नाण्यांच्या चार चळती, चार कोपऱ्यांवर.
कागद गप्प बसला.

दाचीचा मळका पाय मधोमध, निवडणुकीच्या बातमीवर.
टाचेकडून पेन फिरवलं
तर गुदगुल्यांनी बोटं आखडली.
हलू नकोस, म्हटलं.
पुन्हा टाचेपासून.
अंगठ्यापाशी एक बोट जागा सोडली
आणि फोटो काढला.

ही कसली रेघ, दोन दोन? तो म्हणाला.
आतली तुझी.
आणि बाहेरची?
खालून कुणीतरी हाक मारली.
मी कार्ड शोधू लागले.