इष्टिकाचिती

पिली नदीच्या अलीकडे, विहाराच्या मागची खोली.
सतरंजी अंथरायची पाळी ज्याची असते
तो नेमका त्या दिवशी उशिरा येतो.
ट्यूबलाइट आधी कण्हते, मग लागते.
डोंगरे काका, बिनपगारी हेडमास्तर,
खडूचे तुकडे मोजून हातावर ठेवतात.
मी विम्याच्या ऑफिसातून थेट येते,
पर्समध्ये रिकामा डबा, डब्यात चमचा वाजत.

फेब्रुवारी संपत आलेला. धडा महत्त्वमापन.
फळ्यावर लिहिलं : इष्टिकाचिती.
अल्फिया म्हणाली, "मॅडम, हा शब्दच दोन मार्कांचा आहे."
सगळे हसले. सुगत टेंभुर्णे हसला नाही.
भिंतीला डोकं टेकून झोपला होता तो.
"काय रे, रात्रभर पिक्चर बघतोस?"
"हाव मॅडम," म्हणाला,
आणि मी ते खरं धरलं.

मग चार दिवस तो आला नाही.
हजेरीत त्याच्यापुढे चार टिंबं दिली
आणि शेजारी, बारीक अक्षरात : टंगळमंगळ.

रविवारी विजेच्या खांबावरचा नंबर फिरवला.
तीन मजले चढून मिस्त्री आला,
मागून वूडवूलचं बंडल पाठीवर घेतलेलं
एक पोरगं, तोंडाला रुमाल बांधलेलं.
"छोटू, ताट्या काढ."
छोटूने वर पाहिलं.
मी नाव घेणार, तेवढ्यात त्याने मान हलवली,
मिस्त्रीला कळणार नाही एवढीशीच.
मी पाणी आणायला आत गेले
आणि माठापाशी गरजेपेक्षा जास्त वेळ उभी राहिले.

गॅलरीत तो मागच्या उन्हाळ्याचं गवत उपसत होता,
काळं, क्षाराने कडक झालेलं.
नवं भरताना त्याची बोटं जाळीत शिरत, निघत.
मनगटापासून कोपरापर्यंत ओरखडे,
जुन्यांवर नवे.
ह्याच हातांच्या वह्या मी वर्षभर तपासल्या,
'अक्षर सुधार' असं लाल शाईने
निदान सहा वेळा तरी लिहिलं.

मिस्त्रीने पैसे मागितले, मी दिले.
वर पन्नास छोटूच्या हातात द्यावेत की नको,
ह्या विचारात असताना ते जिना उतरून गेलेही.

सोमवारी तो आला. त्याच कोपऱ्यात बसला.
मी पुस्तक मिटून खोका काढला :
लांबी, रुंदी, उंची. "एकूण पृष्ठफळ सांगा."
सहाही बाजूंचं सूत्र एका सुरात आलं.
"कायचं आहे ते?" मागून आवाज.
"कूलर," मी म्हटलं. बाकी काही सुचलं नाही.
"मंग सहा नाई. गवत तीनच बाजूले लागते.
चौथीले पंखा. खाली टाकी. वरून पत्रा."

"तुले कसं माईत बे?" प्रांजूने विचारलं.
तो थांबला. बाहेर कुणाची तरी मोपेड
चालू होत नव्हती, तेवढाच आवाज.
"मी भरतो ना," म्हणाला. "दिवसाले अकरा.
मॅडमच्या घरचा बी मीच भरला.
मॅडम, तुमची मागची ताटी उलटी बसली, घाईत होतो.
उद्या सकाळी येऊन सरळ करून देतो.
पैसे नाई लागत."

उत्तर मात्र त्याचं चुकलं.
गुणाकारात हातचा धरायचा राहिला.
मी तिथे गोल केला, तो वाकून पुन्हा लिहू लागला,
आणि मी हजेरी काढून ते बारीक अक्षर खोडलं,
इतकं, की कागदाला भोक पडलं.
आता त्यातून पुढच्या महिन्याचं पान दिसतं.

पेपर तेरा दिवसांवर आहे.
मिस्त्रीच्या वहीत अजून दोनशे कूलर.
रात्री मी बटण दाबते.
नव्या गवताचा ओला वास घरभर पसरतो,
मागच्या ताटीतून थेंब थेंब गळतं.
खाली पातेलं लावते.
सकाळी तो येईल,
आणि दार उघडून आधी काय म्हणायचं
ते अजून ठरत नाही :
पैसे घे,
की वही आणलीस का.