तिसऱ्या बुडीतला लाल

ताकेओच्या तळ्याकाठी, मोटारसायकली दुरुस्त करणाऱ्याच्या माडीवर
माझा इंग्रजीचा वर्ग भरतो, दिवेलागणीला.
खालून ग्रीसचा वास, वर पालींची चुकचुक,
आणि फळ्यावर आज एकच शब्द : ओल्ड.

सोपा आहे, मी म्हटलं. आपल्याकडे त्याला म्हणतात चास.
झालं. उतरवून घ्या आणि घरी जा.

कुणीच उठलं नाही.

वन्नारा टुकटुक चालवतो. त्याचं इंजिन चास.
लखेणा म्हणाली, सोडून दिलेला प्रियकर,
तोही चासच ना, क्रू?
सगळे फिदीफिदी हसले, कारण तो खालीच
कुणाचं तरी चाक उघडून बसला होता.
देवळं मात्र चास नाहीत, ती बोराण.
दगडाला नुसतं चास म्हटलं तर त्याचा पाणउतारा होतो.
आणि कालचा भात? त्याला आम्ही वय विचारत नाही,
वास घेतो, आणि वासावरूनच नाव ठेवतो.

मग मीच त्यांना एक गंमत सांगितली :
इंग्रजीत तीन दिवसांचं बाळसुद्धा तीन दिवस ओल्ड असतं.
आपण विचारतो, आयु किती?
ते विचारतात, किती जुना झालास?
वन्नारा म्हणाला, गिऱ्हाइकाला हे विचारायचं म्हणजे
भाडं बुडालंच.

तेव्हा उम नारेत उभी राहिली.
पासष्टीची. रेशीम विणते, लाखेनं नखं कायमची रंगलेली;
परदेशी बायकांना किंमत नीट सांगता यावी
एवढ्यासाठी वर्गाला येते.
क्रू, रंगाचं राहिलं.
लाखेत पहिली बुडी दिली की लाल ख्चेय असतो, कोवळा,
शहाळ्यासारखा.
दुसऱ्या बुडीत तो काहीच ठरवत नाही.
तिसऱ्या बुडीत लाल चास होतो.
विटका नव्हे हं, मुरलेला.
याला ओल्ड म्हणायचं का?

नाही, मी म्हटलं. डार्क. किंवा डीप.

तिला ते पटलं नाही.
म्हणजे त्यांच्याकडे रंगाला वय येतच नाही?

ती बसेल असं मला वाटलं. पण ती उभीच.
आणि माणसांचंही राहिलं, म्हणाली.
शहरातून चालवत आणलं आम्हाला, तेव्हा मी सतरा वर्षांची.
आम्ही नवी माणसं. इथली गावातली, ती जुनी.
हा हेआन माझ्याच वयाचा. सतराव्या वर्षी चास.
जुन्यांच्या वाडग्यात शितं.
नव्यांच्या वाडग्यात शितं धुतलेलं पाणी.
माझी आई चाळिशीत नवी होती, नवीच गेली.
हे लिहा ना फळ्यावर. याला काय म्हणतात?

ता हेआनकडे खोलीच्या किल्ल्या असतात.
तो रोज उंबऱ्यात बसतो, शिकत काही नाही.
चटईचा एक धागा ओढत होता.
मी एकदा, म्हणाला, आणि थांबला.
मग जनरेटर बघतो म्हणून खाली गेला.
जनरेटर व्यवस्थित चालू होता.

मी बत्तीस वर्षांची. हा अर्थ मला शाळेत शिकवला होता,
इतिहासाच्या तासाला, पाच गुणांसाठी.
ओल्डच्या खाली मात्र तो कधी ठेवला नव्हता.
आजही ठेवता आला नाही.
खडू हातात, बोटं पांढरी,
आणि लखेणा खिडकीतून खाली बघतेय, विनाकारण.

वर्ग सुटला. जिन्यात काळोख.
खाली ता हेआन बॅटरी धरून उभा.
नारेत उतरताना तो म्हणाला,
जपून. शेवटून दुसरी पायरी चास आहे.

आमच्यात बाईमाणसाचा होकारही जवळजवळ तोच शब्द,
फक्त श्वास थोडा लांबतो.

चा...स, ती म्हणाली.
वरून मला नीट कळलं नाही, कोणता.